मापापुरती शिडी

खोक्यावरच्या चित्रात यानाला शंभर खिडक्या होत्या.
आत निघाले सोळा तुकडे,
साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत.
मेन रोडच्या दुकानदाराने न मागता पन्नास रुपये सोडले
तेव्हाच कळायला हवं होतं.

मृण्मयीने जेवणाआधी जोडूनही टाकलं.
"मामा, यात माणसं कुठून चढतात?"
असेल कुठेतरी दार, म्हटलं.
दार नव्हतं.
दाराची रेघसुद्धा नव्हती.

मी शरणपूर रोडला दातांच्या लॅबमध्ये बसतो.
रात्री आठनंतर खालचं झेरॉक्स मिटतं,
माझ्या मोटरची गुणगुण तेवढी उरते.
दाढांच्या खाचा कोरायचा सगळ्यात बारीक बर लावला
आणि यानाच्या पाठीवर पत्र्यांचे जोड ओढत गेलो.
तिसरी रेघ घसरली.
तिथे गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी कापून
एक ठिगळ बसवलं,
चार कोपऱ्यांना सुईच्या टोकाने ॲक्रिलिकचे चार थेंब.
म्हणजे इथे कधीतरी काहीतरी आदळलं होतं
आणि कुणीतरी बाहेर येऊन, हात गारठलेले असताना,
ते दुरुस्त केलं होतं.

इंजिनांच्या जागी नुसते फुगवटे.
पिंपळगावचे गांगुर्डे कवळी न्यायला आले,
पिशवीत बागेतले जुने ड्रिपर,
क्षारांनी तुंबलेले, भंगारात चाललेले.
त्यातले सहा मागून घेतले.
कशाला, हे त्यांनी विचारलं नाही.
ते आरशात बघत होते.
"फारच सारखे बसवलेत हो.
माझा हा पुढचा जरा वाकडा होता.
असा घरी गेलो तर बायको पाणीसुद्धा विचारायची नाही."
कवळी ठेवून घेतली.
तो दात किंचित फिरवला,
मुळाशी चहा-तंबाखूची पुसट सावली दिली.

मग यानाचा पांढरा रंगही मला बघवेना.
टाकीच्या झाकणाभोवती, जिथे रोज हात लागत असेल,
तिथे तो खरवडला.
ड्रिपरच्या तोंडांना काजळी.
पोटाखाली तेलाचा एक ओघळ,
वाऱ्याच्या दिशेने मागे गेलेला;
अंतराळात वारा नसतो हे मला नंतर सुचलं.
पुसला नाही. कुठेतरी उतरत असेलच की.

रविवारी मृण्मयी आली.
"हे केवढं आहे?"
वीतभर.
"तसं नाही. खरं केवढं?"

खोक्यावर प्रमाण छापलेलं नव्हतं.
मी खोकं उलटंपालटं करून दोनदा पाहिलं,
जणू माझं स्वतःचंच वय त्यावर शोधत होतो.

दात सरळ करायच्या तारेचे एकवीस तुकडे.
भिंग डोळ्याला, श्वास धरून.
दोन पायऱ्यांत एक मिलिमीटर,
आणि तो मिलिमीटर म्हणजे एक फूट, असं मी ठरवलं.
शिडी दाराला टेकवली
(दार आता होतं, कडी आतून)
आणि टेबलावरचं वीतभर यान
दोनशे फुटांचं झालं.
ते एकटंच वाढलं नाही.
मागे वाळत ठेवलेला गांगुर्ड्यांच्या जबड्याचा साचा
चामर लेण्याच्या डोंगराएवढा झाला,
आणि माझं बोट,
डिंक लागलेलं, नखात प्लास्टर अडकलेलं,
एवढं अवाढव्य
की मी ते सावकाश मागे घेतलं.

मृण्मयी बराच वेळ वाकून पाहत होती.
दाराचं कौतुक नाही, ड्रिपरचं नाही.
"मामा, एकोणिसावी पायरी तिरकी आहे.
अंधारात पाय घसरेल."

कामाच्या वहीत लिहून ठेवलं:
सोमवार, गांगुर्डे, वरची कवळी, पॉलिश.
काळेबाईंची खालची दाढ.
पायरी.